पॅसेंजर पुन्हा दादरपर्यंत हवी असेल तर तिकीट आपल्याच स्टेशनावरून काढा

पाणंदवाट
चिपळूण आणि रत्नागिरीच्या मधल्या एका लहान स्टेशनाबद्दल लिहितोय. नाव मुद्दाम लिहीत नाही. दुखणं कामथ्याचं, आरवलीचं, कडवईचं, उक्षीचं, भोक्याचं सगळ्यांचं एकच आहे, आणि हा धागा एका गावाचा होऊन राहू नये असं वाटतं.

रत्नागिरी-दादर पॅसेंजर ज्यांनी वापरली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पहाटे रत्नागिरीहून निघायची, जवळजवळ प्रत्येक स्टेशन घेत दुपारी दादरला टेकायची. परतीला दादरहून निघून रात्री पुन्हा गावी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्याच गाड्या थांबल्या, तशी हीही थांबली. पुन्हा सुरू झाली तेव्हा ती ठाण्याच्या अलीकडच्या दिवा स्टेशनापर्यंतच आली. तात्पुरतं असेल म्हणून आम्ही गप्प बसलो. ते गप्प बसणं चुकलंच.

गेल्या महिन्यात आईला परळला दाखवायला नेलं. टाटा आणि केईएम दोन्ही परळला, म्हणजे दादरहून टॅक्सीने थोडक्यात. गावच्या गाडीने थेट जाता येत होतं तेव्हा ती एकटी जायची, मामा दादरला घ्यायला यायचे. आता गाडी दिव्याला रिकामी होते. तिथे एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तिचे एक्स-रे, आणि गुडघे असे की प्रत्येक पायरीला ती आधी उजवा पाय टाकते, मग डावा त्याच्या शेजारी आणते. पुलाच्या मध्यावर थांबली आणि म्हणाली, "बाबू, तू हो फुडं, मी येतंय." पुढे होऊन मी जाणार कुठे? तीन लोकल सोडल्या. चौथीत एका मुलीने उठून जागा दिली म्हणून बसता आलं.

परत आल्यावर स्टेशनात चौकशी केली. एका जाणत्या माणसाने जे सांगितलं त्यासाठी हा धागा काढलाय. ते म्हणाले, "तुम्ही लोक चिपळूणला एसटीने जाऊन तिथून एक्सप्रेस धरता. कागदावर तुमच्या स्टेशनातून कोणी जातच नाही. मागणी कुठल्या तोंडाने करणार?"

मोर्चा, निवेदन, आमदार-खासदार हे सगळं करूच. पण त्याआधी एक काम आपल्या हातातलं आहे. मुंबईला जा, रत्नागिरीला जा, नाहीतर दोन स्टेशनं पलीकडे बहिणीकडे जा, तिकीट आपल्याच स्टेशनावरून काढा. बाकी काय करता येईल ते इथे लिहा.

कातळसडा
मी राजापूर तालुक्यातला. आमच्याकडे ही गाडी नव्हती, दिवा-सावंतवाडी आहे. तीही आधी पॅसेंजर होती, आता नंबराने एक्सप्रेस झाली. समोरच्या गाडीला वाट द्यायला क्रॉसिंगला उभी राहते ती मात्र पूर्वीसारखीच. विलवड्याला, सौंदळला उतरणाऱ्या माणसाला तिचाच आधार.

एक आठवण करून देतो. लॉकडाऊननंतर पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेसचं भाडं लावलं होतं, दहा रुपयांचं किमान तिकीट तीस झालं होतं. ते २०२४ च्या फेब्रुवारीअखेर पुन्हा दहावर आलं. देशभरातून ओरड झाली म्हणून आलं. ओरडल्याने काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना हे सांगत जा.

खाडीपलीकडे
मी दिव्यात राहतो, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

पाणंदवाट, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. पण दिव्याला गाडी सुटणं आमच्यासारख्यांना सोयीचं पडलंय हेही खरं आहे. लालबाग-परळच्या चाळीतला चाकरमानी आता तिथे उरलाय किती? गिरण्या गेल्या, मुलं दिव्याला, डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला, विरारला आली. गणपतीला गाडी इथूनच सुटते म्हणून आम्हाला बसायला तरी मिळतं. दादरहून आली तर ती ठाण्यालाच भरून येईल आणि दिव्याच्या माणसाला दारही मिळणार नाही.

परळ_चाळ
खाडीपलीकडे, चाळीत आम्ही अजून आहोत हो. आमच्या मजल्यावरची चार घरं गावच्याच तालुक्यातली.

पण आम्ही राहतो म्हणून मागत नाही. गावाहून येणारा माणूस कशाला येतो ते बघा. दवाखान्याला येतो, कोर्टाच्या कामाला येतो, मुलीच्या बाळंतपणाला येतो. बहुतेकांचं काम ठाण्याच्या अलीकडे संपत नाही. आणि गावाहून येताना हात मोकळे कुणाचे असतात? तांदळाची गोणी, फणस, कोकमाची बरणी, आंब्याच्या दिवसांत पेटी. ही गोणी दिव्याच्या पुलावरून नेऊन लोकलच्या दारात कशी चढवायची? गर्दीच्या वेळी सामानाच्या डब्यातसुद्धा पाय ठेवायला जागा नसते.

९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या मध्ये लोकलच्या दारातून माणसं पडून गेली, ते आपण सगळ्यांनी वाचलं. त्याच पट्ट्यात आपण बाहेरगावच्या गाडीची माणसं सामानासकट ओततोय.

खाडीपलीकडे
हे मान्य. माझं म्हणणं एवढंच की मागणी लिहिताना "दिव्याऐवजी दादर" असं लिहू नका. दिव्याचा थांबा ठेवून पुढे दादर, असं लिहा. आणि दिव्याहून चढणाऱ्यांसाठी दोन डबे राखून ठेवायची मागणी त्यातच घाला. मग दिव्यातल्या सह्या मी गोळा करतो. इथे आपल्या तालुक्यांची मंडळं गल्लोगल्ली आहेत.

पाणंदवाट
खाडीपलीकडे, हा मोठा आधार झाला. तुम्ही म्हणता तसंच लिहू.

जुना_सिग्नल
रेल्वेत वाहतूक विभागात नोकरी झाली, निवृत्त आहे. कोकण रेल्वेत नव्हतो, पण काम सगळीकडे सारखंच. काही गोष्टी स्पष्ट करतो, नाहीतर निवेदन चुकीच्या दारात जाईल.

पहिली गोष्ट, मालक दोन आहेत. रोह्यापासून खाली ठोकूरपर्यंतचा रूळ कोकण रेल्वे महामंडळाचा. रोह्याच्या वर पनवेल, दिवा, ठाणे, दादर हा मध्य रेल्वेचा. तुमची गाडी कोकणच्या रुळावरून येते, पण दिव्याच्या पुढे जायला वाट द्यायची ती मध्य रेल्वेने. म्हणून बेलापूरला कोकण रेल्वेच्या कचेरीत निवेदन दिलं तर ते म्हणतील हा प्रश्न मध्य रेल्वेचा, आणि मुंबईत दिलं तर म्हणतील गाडी कोकण रेल्वेची. दोघांनाही एकच पत्र द्या, आणि प्रत्येकाच्या पत्रात लिहा की दुसऱ्याला प्रत दिली आहे.

दुसरी गोष्ट, दादरला नकार देताना कारण येतं ते लोकलच्या वेळापत्रकाचं. पॅसेंजर एकेरी मार्गावरून येते. क्रॉसिंगला अडकली की उशीर होतो, आणि उशिरा आलेली गाडी लोकलच्या मध्ये घुसवली की वीस लोकल मागे पडतात. हे कारण खोटं नाही. नोकरीत मी स्वतः अशा रात्री काढल्या आहेत. मात्र ते आज किती लागू आहे हे विचारायला हवं. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका १८ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाली. ठाणे ते कुर्ला ती आधीपासून आहे. म्हणजे दिव्यापासून कुर्ल्यापर्यंत बाहेरगावच्या गाड्यांना वेगळी वाट मिळाली. खरी चोंदण आहे ती कुर्ल्याच्या पुढे. दिव्याला थांबवण्याचा निर्णय या मार्गिकेच्या आधीचा असेल, तर तो पुन्हा तपासा अशी मागणी रास्त आहे.

पर्याय म्हणून कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनसही मागून ठेवा. दादर पहिलं मागणं, टर्मिनस दुसरं. फक्त दादर मागाल तर "शक्य नाही" एवढ्या दोन शब्दांत उत्तर येईल. पर्याय दिला की त्यांना कारणं लिहावी लागतात.

तिसरी गोष्ट तिकिटाची. पाणंदवाटना स्टेशनात जे सांगितलं ते शंभर टक्के बरोबर आहे. अनारक्षित तिकीट ज्या स्टेशनावरून काढलं, नोंद त्या स्टेशनाची. मोबाइलवर काढलं तरी "पासून" या रकान्यात जे नाव निवडलं तेच धरलं जातं. आरक्षणात आणखी एक गफलत होते. लहान स्टेशनाला कोटा नावापुरता, म्हणून लोक सावंतवाडीहून किंवा मडगावहून तिकीट काढतात आणि चढायचं स्टेशन बदलून घेतात. तिकिटावरचं "पासून" मात्र मडगावच राहतं. माणूस तुमच्या फलाटावरून चढला, हिशेब मडगावचा वाढला. मिळत असेल तिथे थेट आपल्या स्टेशनाचंच तिकीट घ्या, प्रतीक्षा यादी थोडी लांब दिसली तरी.

रातांबा
सिग्नलदादा, आज पहिल्यांदा कळलं हे. आमच्या घरातली गेल्या चार वर्षांतली सगळी तिकिटं मडगावहून काढलेली आहेत. माझ्याच हातांनी.

मी शाळेत शिकवते, रोज दोन स्टेशनं जाऊन येऊन. आणि मुलींचं एक सांगायचं आहे, कारण निवेदनांत ते कधीच येत नाही. बारावीनंतर रत्नागिरीला कॉलेजला जाणारी मुलगी गाडीच्या वेळेवर अवलंबून असते. एसटी फाट्यावर थांबते, फाटा घरापासून तीन किलोमीटर, पावसाळ्यात चारला अंधार. स्टेशन मात्र वाडीच्या खालीच. गाडी असली की आईबाप "जा" म्हणतात. नसली की "बघू पुढच्या वर्षी" म्हणतात, आणि ते पुढचं वर्ष येत नाही. माझ्या वर्गातून गेलेल्या दोघींचं असंच झालं. एक आता काजूच्या कारखान्यात आहे. हुशार मुलगी, गणितात पहिली यायची.

म्हणून नुसतं "दादर द्या" म्हणू नका. सकाळी रत्नागिरीकडे आणि संध्याकाळी परत येणारी, सगळ्या लहान स्टेशनांवर थांबणारी गाडीही मागा. चिपळूण-रत्नागिरीच्या मधल्या मधे धावणारी लहानशी मेमू, म्हणजे विजेवरची लोकलसारखी गाडी. २०२२ मध्ये सगळ्या मार्गाचं विद्युतीकरण झालं, तारा डोक्यावर आहेतच.

पाणंदवाट
रातांबा, हे दुसरं कलम म्हणून घालतोय. तुमच्याच शब्दांत.

भुईकमळ
फलाटाचं पण घ्या कुणीतरी. आमच्या स्टेशनात फलाट इतका ठेंगणा की डब्याची खालची पायरी माझ्या मांडीला लागते. म्हाताऱ्यांना दोघांनी वर ओढायचं, एकाने खालून ढकलायचं, आणि गाडी मिनिटभर थांबते. मग माणसं म्हणतात नको ती गाडी. तिकिटाचा आकडा असासुद्धा कमी होतो.

जामनेरी
खान्देशातून लिहितोय. आमची पाचोरा-जामनेर ही नॅरोगेज, ५६ किलोमीटर. कापसाच्या रानातून जायची, शेतकऱ्याची गाडी म्हणूनच ओळख. २०२० ला लॉकडाऊनमध्ये थांबली ती त्या रूपात पुन्हा धावलीच नाही. लोकांनी आंदोलनं केली, समिती काढली. आता रुंदीकरण मंजूर आहे, पण मधल्या काळात लोकांची सवय मोडली. दूधवाला, भाजीवाली सगळे रिक्षा-जीपला लागले.

तुम्हाला सांगायचं ते हे की तुमची गाडी अजून धावतेय. अर्धी असो, धावतेय. धावती गाडी लांबवून घेणं सोपं असतं. थांबलेली पुन्हा हलवायला जन्म जातो. सवय मोडू देऊ नका.

तिकीटखिडकी
माझे काका बरीच वर्षं एका हॉल्ट स्टेशनावर एजंट होते. कुठल्या ते विचारू नका. हॉल्टवर रेल्वेचा कर्मचारी नसतो, गावातलाच माणूस ठेक्यावर तिकिटं विकतो आणि त्याला विक्रीवर कमिशन मिळतं. चार गाड्या थांबत होत्या तेव्हा काकांचं घर त्यावर चालत नव्हतं, पण किराणा निघायचा. दोन गाड्या राहिल्या तेव्हा काकू म्हणाल्या, पहाटे उठून कंदील लावायचा तो चहाच्या पैशांसाठी का? काकांनी सोडलं. नवीन ठेका कोणी घेतला नाही. खिडकी बंद. मग लोक बिनतिकीट चढायला लागले, कारण तिकीट देणारंच कोणी नाही. आणि मग कागदावर काय दिसलं? शून्य.

ती खिडकी मी अजून बघतो जाता-येता. लोखंडी गज, त्याखाली पैसे सरकवायला केलेला खोलगट दगड. हातांनी घासून गुळगुळीत झालाय तो. आता त्यात पावसाचं पाणी साचतं.

लीड्सहून
मूळची देवरुखची, नोकरीनिमित्त इंग्लंडात लीड्सला असते. तिकीटखिडकी, तुमच्या काकांचं वाचलं आणि इथली एक हकीकत लिहावीशी वाटली, कारण गोष्ट हुबेहूब तीच आहे.

इथून जवळच सेटल ते कार्लाइल अशी डोंगरातून जाणारी जुनी लाइन आहे, साधारण ११६ किलोमीटर. रिबलहेड नावाचा चोवीस कमानींचा दगडी पूल आहे त्यावर. १९७० मध्ये मधली बहुतेक लहान स्टेशनं बंद केली. लांबच्या गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवल्या. पूल खचत चालला, दुरुस्तीचा खर्च फार, असं म्हणत १९८४ मध्ये सगळी लाइनच बंद करायची नोटीस काढली. आधी सेवा उतरवत आणायची आणि मग प्रवासी नाहीत म्हणायचं, हा क्रम इथेही तोच.

लोकांनी काय केलं? कायद्याने हरकत घ्यायची मुभा प्रवाशाला होती, तर त्यांनी बावीस हजारांवर हरकती दाखल केल्या. प्रत्येकाची वेगळी, सहीनिशी. त्यात एक हरकत रस्वार्प नावाच्या कुत्र्याची होती, पंजाच्या ठशासकट. त्याचंही तिकीट काढलेलं असायचं, म्हणून तो पैसे भरणारा प्रवासी ठरला! दुसरं म्हणजे लोक त्या गाडीने जाऊ लागले, मुद्दाम, रविवारी मुलाबाळांना घेऊन. १९८६ मध्ये बंद केलेली आठ स्टेशनं पुन्हा उघडली. प्रवासी कित्येक पटींनी वाढले. आणि ११ एप्रिल १९८९ ला सरकारने जाहीर केलं की लाइन बंद होणार नाही. मी त्या गाडीने आजही जाते. डेंट नावाच्या स्टेशनावर उतरलं की आजूबाजूला मेंढ्या आणि वारा, गाव खाली सहा-सात किलोमीटरवर. तरी गाडी थांबते.

पाच वर्षं लागली त्यांना. पाणंदवाट सांगतात तेच त्यांनी केलं, गाडी भरून दाखवली.

कातळसडा
लीड्सहून, छान लिहिलंत. आपल्याकडेही झालंय की. संगमेश्वर रोडला नेत्रावती एक्सप्रेस थांबत नव्हती. तिथल्या लोकांनी सतत पत्रं दिली, पाठपुरावा सोडला नाही, थांबा मिळवला. आधी प्रायोगिक तत्त्वावर मिळतो, आणि त्या मुदतीत तिकीट खपलं तर राहतो. म्हणजे मिळाल्यावरचे महिने मिळवण्याइतकेच महत्त्वाचे.

परळ_चाळ
आजोबांचं एक आठवलं. १९९० मध्ये कोकण रेल्वेचं महामंडळ झालं आणि जमिनी मोजायला लोक आले, तेव्हा आमची भाताची दोन खाचरं गेली. आजी रडत होती. आजोबा म्हणाले, गाडी येतेय दारात, रडतेस काय. मधू दंडवते, जॉर्ज फर्नांडिस यांची भाषणं ऐकलेला माणूस तो. १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा धोतर-टोपी घालून स्टेशनावर जाऊन उभे राहिले. त्यांना कुठे जायचं नव्हतं. गाडीला हात लावला आणि घरी आले.

ज्यांच्या खाचरांतून रूळ गेला त्यांच्या दारात गाडी थांबावी, एवढंच मागणं आहे आपलं. वरून धडाडत जाणाऱ्या गाड्या आम्ही रोज मोजतो.

जुना_सिग्नल
माहिती अधिकाराचं लिहितो, कारण निवेदनाला उत्तर आलं नाही तरी चालतं त्यांना, अर्जाला द्यावं लागतं.

केंद्राच्या माहिती अधिकार संकेतस्थळावरून अर्ज करता येतो, फी दहा रुपये, तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. नाही आलं किंवा अपुरं आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील. "गाडी का बंद केली?" असं विचारू नका. "का"चं उत्तर द्यायला ते बांधील नसतात. कागद मागा. आपल्या स्टेशनावरून दरमहा किती अनारक्षित आणि किती आरक्षित तिकिटं निघाली, उत्पन्न किती, २०१८ पासून आजपर्यंत, महिनावार. दुसऱ्या अर्जात पॅसेंजर दिव्यापर्यंत मर्यादित करण्याच्या निर्णयाची प्रत आणि त्यावरच्या टिपण्या. तिसऱ्या अर्जात त्या गाडीचा गेल्या वर्षभराचा दिव्याला पोहोचण्याचा वक्तशीरपणा. अर्ज वेगवेगळे करा, एकात दहा प्रश्न कोंबू नका.

लॉकडाऊनच्या आधीचे आकडे आणि आताचे शेजारी ठेवले की कळेल, माणसं आधी कमी झाली की गाडी आधी तुटली.

आणि वेळही बरी आहे. २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्राने कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला संमती दिली. घडी नव्याने बसेल तेव्हा आपलं म्हणणं लेखी आणि आवक क्रमांकासकट फायलीत असलेलं बरं.

रातांबा
ग्रामसभेचा ठराव विसरू नका. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा दिवशी ग्रामसभा बहुधा असतात, चाकरमानीही त्यातल्या एखादीला गावी असतात. प्रत्येक गावाने आपापला ठराव करावा. एकाच मजकुराच्या वीस झेरॉक्स प्रती नकोत. आमच्या गावाला दवाखाना नडतो, शेजारच्या गावाला कॉलेज, पलीकडच्याला आंबा. ज्याने त्याने आपलं लिहावं.

पाणंदवाट
आठवडाभर लिहायला जमलं नाही, कारण पहाटे स्टेशनात होतो. काय केलं ते सांगतो.

शंभर पानी वही घेतली, शाळेची. पाच रकाने आखले: तारीख, कुठे जाणार, कशासाठी, तिकीट कुठून काढलं, आणि थेट दादर असती तर गेला असता का. गाडीच्या अर्धा तास आधी जाऊन बसायचं आणि येईल त्याला विचारायचं. नाव विचारत नाही, त्यामुळे माणसं मोकळी बोलतात.

पहिल्या दिवशी लोकांना वाटलं मी रेल्वेचा माणूस. एकजण तिकीट दाखवायला लागला. दुसऱ्या दिवशी एका आजीने माझ्या हातातून वही घेतली, चष्मा लावून रकाने वाचले आणि म्हणाली, "कशासाठी म्हंजे? लेकाकडे. लिव. आनि दादर असती तर गेलीवती का ह्याच्यात मोठ्या अक्षरान् व्हय लिव." लिहिलं. ते पान तसंच जोडणार आहे.

वहीत काय सापडलं? आम्हाला वाटत होतं सगळे मुंबईचे. तसं नाही. बरेच जण दोन-चार स्टेशनं जाणारे निघाले. खेडला लग्नाला, चिपळूणला डोळे तपासायला, सावर्ड्याला मुलाला कॉलेजात पोचवायला. त्यांच्याबद्दल आम्ही निवेदनात एक ओळही लिहिली नव्हती. आता रातांबांचं कलम वर घेतलंय. आणि खूपजणांच्या तिकिटाच्या रकान्यात "काढलं नाही" असं आलं. रागावलो नाही, समजावलं. चौथ्या दिवशी खिडकीवर रांग लागली होती. रोजच्याच माणसांची, पण रांग.

एका मोठ्या कचेरीत निवेदन द्यायला गेलो, तिथे साहेब नाहीत म्हणून दोन तास बाकावर बसवलं आणि मग पत्र टेबलावर ठेवून जा म्हणाले. नाही ठेवलं. आवक शिक्का मिळेपर्यंत उभा राहिलो. मिळाला. क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. ज्यांना पुढे पत्र द्यायचं असेल त्यांनी तो संदर्भ टाकावा.

माहिती अधिकाराचे तीन अर्ज गेले, सिग्नलदादांनी सांगितले तसे. खाडीपलीकडे यांनी दिव्यातून सह्यांचे गठ्ठे पाठवलेत, एसटीच्या पार्सलने काल मिळाले.

खाडीपलीकडे
अजून दोन मंडळांच्या यायच्या आहेत. रविवारी देतो.

भुईकमळ
आमच्या स्टेशनातपण वही सुरू केली. फलाटाची उंची मोजून फोटो काढलेत, फूटपट्टी लावून.

तिकीटखिडकी
मी काकांना विचारलं, परत खिडकी उघडायची झाली तर बसाल का. म्हणाले, गाड्या वाढल्या तर या वयातही बसेन. निवेदनात हॉल्टच्या एजंटांच्या कमिशनचं एक वाक्य घाला.

पाणंदवाट
घालतो.

आता पाळ्यांचं. मला सोमवार ते बुधवार कामामुळे पहाटे जमणार नाही. वही स्टेशनाशेजारच्या चहावाल्याकडे ठेवली आहे, पेन दोरीने बांधलंय. गाडीच्या अर्धा तास आधी पोचायचं, पावसाचं प्लास्टिक सोबत ठेवायचं. सोमवारी कोण जाईल?

रातांबा
सोमवारी मी. बुधवारीही मीच, मंगळवार कुणीतरी घ्या.